वाचक विचारतात: सेशनवाला घेऊ की ऑन-डिमांड?

प्रश्न: दादा, आम्ही कॅनडात मिसिसागाला कॉन्डोत राहतो, दोघंही चाळिशीतले. पोरं झोपली की आठवड्यातून एखाद्या रात्री बाल्कनीत जॉइंट व्हायचा, पण मला खोकला येतो आणि वास पार कॉरिडॉरपर्यंत जातो, म्हणून ड्राय हर्ब व्हेपोरायझर, म्हणजे वीड (गांजा) न जाळता नुसतं तापवून वाफ देणारं मशीन, घ्यायचं ठरवलंय. दुकानदार म्हणतो सेशनवाला घ्या, ह्यांचा मित्र म्हणतो ऑन-डिमांडच. मला दोन झुरके बास होतात, ह्यांना मात्र निवांत बसायला आवडतं. घेऊ तरी कुठला?

उत्तर: ताई, दुकानदार काय आणि मित्र काय, दोघंही स्वतःच्या सवयीचं सांगतायत. तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, दोन झुरके बास!

सेशनवाला म्हणजे बटण दाबलं की चेंबर तापतो आणि बंद करेपर्यंत तापलेलाच राहतो, तुम्ही ओढा नाहीतर गप्पा मारा. मध्येच धाकटा उठून "आई पाणी" म्हणाला आणि तुम्ही आत गेलात तरी इकडे वीड शिजतंच असतं, गॅसवर भाजी विसरावी तसं (माझं हे इतक्यांदा झालंय की आता मोजत नाही). ऑन-डिमांड म्हणजे आपला इन्स्टंट गीझर, झुरका घ्याल तेवढ्यापुरतीच गरम हवा आतून जाते, थांबलात की तेही थांबतं, आणि उरलेलं उद्या चालतं.

पण सगळीच मशिनं अशी सरळ दोन खोक्यांत बसत नाहीत हां. जर्मनीच्या श्टोर्त्स अँड बिकलचा मायटी घ्या, त्यात भिंतीची उष्णता आणि गरम हवा दोन्ही असतं, तव्यावर टाकून वर एअर फ्रायर लावल्यासारखं, पण वापर सेशनचाच. आपल्या वॉटर्लूच्या अरायझरचा सोलो पण सेशनवालाच. आणि अमेरिकेतला डायनाव्हॅप, त्याला बॅटरीच नाही, टॉर्च लायटरने टोपी तापवायची, ‘टक्’ वाजलं की ओढायचं, चेंबर इतका चिमुकला की दोनचार झुरक्यांत विषय संपतो. निवल्यावर परत ‘टक्’ वाजतं, ते वाजायच्या आधीच पुन्हा आच दिली तर आतलं जळतं. घरात लहान पोरं असताना रात्री टॉर्च पेटवणं मला स्वतःला पटत नाही, त्याच्यासाठी वेगळा इंडक्शन हीटर मिळतो, तो बघा.

ऑन-डिमांडचा त्रास एकच, हात बसावा लागतो. जोरात ओढलं की हवा थंड पडते नि काहीच येत नाही, फार हळू ओढलं की करपल्याची चव. १८० डिग्रीला सुरू करा, २००-२१० च्या वर जायची गरज नाही, २३० च्या पुढे जळायलाच लागतं आणि मग जॉइंट काय वाईट होता? सेशनवाल्यात ही कटकट नाही, चारजणांत फिरवायलाही तोच बरा. पण मायटीच्या चेंबरमध्ये पाव ग्रॅमच्या आसपास मावतं, तुम्हाला दोन झुरक्यांसाठी एवढं कशाला, त्याच्या वीड भरायच्या छोट्या कॅप्सूल मिळतात, त्यात साधारण ०.१५ ग्रॅम.

माझं मत विचाराल तर एकच घ्यायचाय तर ऑन-डिमांड घ्या. त्याच्यावर एकामागून एक झुरके घेत ह्यांचं निवांत सेशन होऊ शकतं, पण सेशनवाल्यावर तुमचे दोन झुरके वाया घालवल्याशिवाय होत नाहीत. फिनलंडच्या टायनीमाइट २ मध्ये दोन्ही मोड आहेत, फक्त खिशाला चाट बसेल.

वास कमी होतो, लवकर विरतो, पण शून्य होत नाही, तेव्हा कॉन्डोचे नियम आधी वाचा. आणि वाफ म्हणजे औषध नव्हे, फुप्फुसांना काहीच होत नाही असं मी तरी म्हणणार नाही. त्या रात्री गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही हे वेगळं सांगायला नको. अजून एक, मशीनमधून निघालेला तपकिरी चुरा चहा पावडरीसारखा दिसतो, त्यात असर शिल्लक असतो आणि तो पोटात गेला तरी चढतो, म्हणून किचनच्या ओट्यावर अजिबात ठेवू नका, कुलपात ठेवा.

प्रश्न: डिसेंबरात पुण्याला चाललोय, मशीन धुवून पुसून नेलं तर चालेल का? – ब्रॅम्प्टनहून एक वाचक

उत्तर: नाही. भारतात २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात तापवून वाफ काढणारं इलेक्ट्रॉनिक उपकरणच येतं, निकोटिन असो वा नसो, आणि ते आत आणणं हाच गुन्हा, पहिल्याच वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आत चिकटलेला कण सापडला तर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, आहेच. कॅनडात २०१८ पासून वीड कायदेशीर असलं तरी सीमेपार नेणं इथेही गुन्हाच. ग्राइंडरही घरीच ठेवा, आणि जी बॅग घेऊन कॉटेजला गेला होतात तिचा साइडचा कप्पा एकदा उलटा करून झटका.