पक्क्या गिऱ्हाइकाला सूट कोण देतो, ताई?

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, कारण तुम्ही ज्या मेलवर चिडल्या तसाच एक माझ्याही मोबाइलमध्ये पडून आहे. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही दिग्रसच्या. कंपनीच्या कामाने दर महिन्याला नागपूरहून बंगळूरला जाता, चार वर्षं एकाच विमान कंपनीने, त्यांचं नेहमीच्या प्रवाशांना मिळणारं गोल्ड कार्ड आहे. ‘आमच्या खास सदस्यांसाठी १५ टक्के सूट’ असा मेल आला. कोड टाकला तर तुमच्या तारखांना तो चालेचना. शेवटी एका तारखेला चालला, तेव्हा ७,१४० चं तिकीट ६,४४७ ला आलं. आणि धाकट्या भावाने कुठलंही कार्ड नसताना दुसऱ्या साइटवर बँकेच्या ऑफरमध्ये तेच विमान ६,३९० ला काढून दाखवलं. आता तुम्ही विचारता की कार्ड ठेवू का सोडू, आणि तक्रार कुठे करू.

मी हिंगणघाटचा. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या, मशिनी दुरुस्त करतो. अहमदाबाद, हैदराबाद, कधी कोइंबतूर असं फिरणं चालू असतं. कार्डं मीही जपली, प्रवासावर जमणारे गुण मीही मोजले, त्यामुळे हे शहाणपण फुकटात आलेलं नाही.

पहिले तुमच्या तिकिटाचा हिशेब. भाड्याच्या तपशिलावर बोट ठेवा, खाली उघडतं ते. तुम्ही लिहिलंय की मूळ भाडं ४,४०० होतं. सूट लागते ती फक्त त्याच्यावर. इंधनाचा आकार, विमानतळाची युजर डेव्हलपमेंट फी, सुरक्षा शुल्क यातल्या एका पैशालाही ती शिवत नाही. ४,४०० चे १५ टक्के म्हणजे ६६०, त्यावरचा पाच टक्के जीएसटी वाचला तो ३३, एकूण ६९३. पूर्ण तिकिटावर बघाल तर दहा टक्केही भरत नाहीत. मेलमध्ये १५ चा आकडा मोठ्ठा असतो आणि ‘मूळ भाड्यावर’ हे दोन शब्द मुंगीएवढे. खोटं काही लिहिलेलं नसतं, हीच तर गंमत.

तारखांचंही तसंच. ब्लॅकआउट डेट्स म्हणजे ज्या दिवशी ऑफर बंद, त्यांची यादी अटींमध्ये शेवटी असते. दिवाळी, नाताळ, मे महिना, लांबलेले शनिवार-रविवार. माझा धंदाच असा की दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागतो, जिनिंग सुरू होतात आणि मशिनी बसायलाही तेव्हाच लागतात. म्हणजे मला जेव्हा उडायचं तेव्हा सूट नाही, आणि सूट असते तेव्हा जुलैच्या पावसात कोणती जिनिंग मला बोलावते?

पण तुमचा खरा राग या आकड्यांवर नाही. तुमचा राग आहे की ‘मी चार वर्षं यांच्याकडेच येते, आणि भावाला, ज्याने यांचं विमान आतून पाहिलं नाही, त्याला स्वस्त कसं?’ यावर माझ्या वडिलांची गोष्ट सांगतो.

आमचे वडील खत आणि फवारणीचं औषध वीस वर्षं एकाच कृषी केंद्रातून आणत. जूनमध्ये न्यायचं, कापूस विकला की द्यायचं. दुकानदार गेल्याबरोबर चहा मागवायचा, खुर्ची पुसून द्यायचा. भाव विचारला की म्हणायचा, “भाऊ, तुमी तं घरचेच. घरच्याले का भाव सांगू?” आणि खरंच सांगायचा नाही, वहीतच लिहायचा. एका वर्षी हातात चार पैसे होते म्हणून वडिलांनी नव्या दुकानातून नगदीने औषध घेतलं, तर लिटरमागे चाळीस रुपये कमी. आठ दिवसांत जुना दुकानदार घरी हजर. पडवीत बसून म्हणे, “का भाऊ, काही चुकलं का आमचं?” त्या हंगामात त्याचा भाव पन्नासने उतरला. वडील नंतर मला म्हणाले, “वीस वर्ष तो मले घरचा म्हने, पन मी दुसरीकडं गेलो तवा त्याले मी दिसलो.”

विमान कंपनीचं कॉम्प्युटर हे त्या दुकानदारापेक्षा हुशार आहे, एवढाच फरक. सूट ही वागणुकीचं बक्षीस नसते, ती पळू शकणाऱ्या माणसाला धरण्यासाठी असते. या कार्डांच्या आणि गुणांच्या योजनांचा जन्मच त्यातून झाला. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, कंपन्यांत चढाओढ लागली, प्रवासी आज इकडे उद्या तिकडे करू लागला, आणि १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने आपली मैल मोजायची योजना काढली. आपल्याकडेही भाडी बाजारावरच चालतात. कोविडमध्ये मे २०२० ते ऑगस्ट २०२२ सरकारने किमान-कमाल भाडं ठरवून दिलं होतं, तसे अपवाद सोडून.

आता तुमचंच बघा. महिन्याला एक फेरी, ठरलेलं शहर, तिकीट प्रवासाच्या सहा-सात दिवस आधी, पैसे कंपनीचे. तुम्ही हजाराने भाडं वाढलं तरी जाणार, हे त्यांना चार वर्षांत पक्कं कळलंय. मुंबई-दिल्लीवाल्याला दर तासाला दुसरं विमान आहे. नागपूरहून एखाद्या शहराला तुमच्या सोयीच्या वेळी एकच थेट विमान असेल तर तुम्हाला धरून ठेवायची गरजच काय? तुम्ही धरलेल्याच आहात. मी एका वर्षी चार महिने मुद्दाम दुसऱ्या कंपनीने फिरलो. पाचव्या महिन्यात जुन्या कंपनीचा मेल आला, ‘तुमची आठवण येते’, आणि सोबत जो कोड होता तो गोल्डवाल्या कोडापेक्षा मोठा होता. वडिलांच्या पडवीतला दुकानदार आठवला.

भावाला कमी का दिसलं याचं दुसरं कारण बँक. ती सूट बहुतेक वेळा बँक आणि साइट मिळून देतात, विमान कंपनीचा त्यात संबंध असेलच असं नाही. त्यामुळे तो तुमचा अपमान समजू नका. आणि ‘लॉगिन केलं की भाडं वाढवतात, मोबाइल बदलून बघा’ असं जे फिरतं, त्याच्या मागे फार लागू नका. बहुतेकदा होतं काय, तर एकाच विमानातल्या त्याच त्या सीटा वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गटातल्या संपल्या की पुढचा गट उघडतो. दहा मिनिटांत कोणीतरी दोन तिकिटं काढली असतील, झालं. याच्यातून एक कामाची गोष्ट मात्र निघते. घरचे तिघं जाणार असाल आणि स्वस्त गटात दोनच सीटा उरल्या असतील, तर तीन तिकिटं एकदम शोधल्यावर तिन्ही महाग दाखवतात. आधी एक-एक शोधून बघा. मेव्हण्याच्या लग्नाला जाताना माझे असे अकराशे वाचले होते. कोणत्याही गोल्ड कार्डाने एवढे वाचवले नाहीत मला.

आता जे शहरातले लोक कधी धरतच नाहीत ते. तुम्ही दिग्रसहून निघणार म्हणजे दारव्हा, यवतमाळ, कळंब, वर्धा, बुटीबोरी करत दोनशेच्या वर किलोमीटर. बरं आहे की विमानतळ वर्धा रोडलाच पडतं, गावात शिरावं लागत नाही. पण सूट ज्या विमानावर असते ते हमखास पहाटेचं किंवा रात्री उशिराचं. पहाटेचं पकडायचं तर रात्री बारालाच गाडी काढा, ड्रायव्हरला नाइटचे वेगळे द्या, नाहीतर आदल्या दिवशी नागपुरात लॉज. सूट सातशे आणि लॉज बाराशे. मी आता तिकिटाचा भाव घरापासून घरापर्यंत लावतो. दुपारचं विमान आठशेने महाग असलं तरी एसटीने वर्ध्यापर्यंत आणि पुढे मिळेल त्याने जाता येतं, म्हणजे ते स्वस्तच. अमरावतीकरांना एप्रिल २०२५ पासून त्यांच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं विमान झालं, ७२ सीटांचं छोटं. त्यांना मुंबईपुरतं ठीक. तुम्हाला बंगळूरला जायचं तर नागपूरच.

मग कार्ड फेकू का? नको. कार्डाचं काम वेगळं आहे. मागच्या हंगामात नागपूरच्या काउंटरवर माझी पेटी काट्यावर ठेवली. आत डबल रोलर जिनचे चामड्याचे वॉशर आणि दोन सुऱ्या, गोणपाटात गुंडाळून. काटा म्हणाला १९ किलो ८००. काउंटरवरच्या मुलीने आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “सर, यात काय आहे?” मी म्हटलं, “कापसाचा जिन्नस.” तिला वाटलं गादी. सुऱ्यांचं सांगितल्यावर पेटी उघडायला लावली, बिल बघितलं, पुन्हा बांधली. साध्या तिकिटावर १५ किलो, वरच्या पाच किलोंना किलोमागे पाचशेच्या वर मोजावे लागले असते. माझ्या कार्डावर पाच किलो जास्तीचं सामान आहे, म्हणून शून्य रुपये. मागे माझ्या नंतर उभा असलेला माणूस संत्र्यांची पेटी कमी करत होता, अर्धी संत्री त्याने तिथेच सोडायला आलेल्या पोराच्या हातात दिली. तर कार्ड सामानासाठी, तारीख बदलायची फी माफ असेल तर त्यासाठी, आणि विमान रद्द झाल्यावर फोन लवकर उचलला जातो म्हणून ठेवा. सूट मिळेल म्हणून ठेवू नका.

गुण साठले असतील तर वापरून टाका. ते बँकेतले पैसे नव्हेत. जेट एअरवेजचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला थांबलं तेव्हा गुणांची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून ती तगली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात मिसळली, तेव्हा तिच्या सदस्यांचे गुण एअर इंडियाच्या योजनेत, महाराजा क्लबमध्ये आले. इतकं सुरळीत दरवेळी होईल या भरवशावर राहू नका. माझे एका योजनेतले गुण मुदत संपून गेले, मेल आला होता पण जाहिरातींच्या ढिगात वाचलाच नाही, चूक माझी. आणि गुणांवरच्या ‘फुकट’ तिकिटालाही कर आणि विमानतळाची फी रोखीने भरावी लागते, तेव्हा चिडू नका.

तुमच्यासाठी खरी सूट कुठे आहे सांगू? तुमच्या कंपनीच्या जीएसटी नंबरात. छोट्या धंद्यांसाठी एसएमई म्हणून वेगळं भाडं असतं, त्यात अनेकदा जेवण आणि कमी फीमध्ये तारीख बदलणं येतं. तिकीट काढताना जीएसटी नंबर टाकला की बिल कंपनीच्या नावाने निघतं आणि इकॉनॉमीचा पाच टक्के जीएसटी अकाउंटवाल्याला परत धरता येतो. तुम्ही स्वतःच्या लॉगिनने काढून नंतर व्हाउचर लावत असाल तर दर महिन्याला हे सांडतंय. चार वर्षांचं मोजू नका, उगाच झोप जाईल.

तक्रारीचं. पहिले कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, ऑफरचा मेल आणि कोड न चालल्याचा स्क्रीनशॉट दोन्ही जोडा. मग विमानाच्या तक्रारींसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने ‘डार्क पॅटर्न’बद्दल नियम काढले, त्यात फसव्या युक्त्यांचे १३ प्रकार दिलेत. आधी एक किंमत दाखवून शेवटी दुसरीच लावणं त्यात येतं, आमिष एकाचं दाखवून हातात दुसरं देणंही येतं. तुमचा कोड एकाही तारखेला चालला नसता तर प्रकरण मजबूत होतं. तो चालला, फक्त कमी चालला, आणि अटी लिहिलेल्या होत्या. म्हणून माझं मत असं की लिहून ठेवा, पण या ६९३ साठी यवतमाळच्या ग्राहक आयोगापर्यंत जाऊ नका. जायची वेळ आलीच कधी, तर राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, एवढं माहीत असू द्या. एक मात्र कधीच सोडू नका. विमान चुकलं किंवा तिकीट रद्द केलं, आणि ‘नॉन-रिफंडेबल’ असलं, तरी विमानतळाची फी आणि सरकारी शुल्कं परत मिळतात. मागावी लागतात, हे खरं.

पुढच्या महिन्याचं तिकीट काढण्याआधी भाड्याच्या तपशिलाचा फोटो इथे टाका, तुमच्या विमान कंपनीचा आणि दुसऱ्या एखादीचा, दुपारच्या विमानाचा. पीएनआर, म्हणजे तिकिटाचा बुकिंग नंबर, झाकून टाका, आणि बोर्डिंग पास टाकाल तर त्यावरचा बारकोडही झाका, त्यातून सगळं वाचता येतं. मी शुक्रवारी अहमदाबादहून येतो, रात्री बघतो.