आधी बाहेर पडायच्या वाटा बघ

प्रिय,

गोव्याच्या जंगलातून मुलांसकट पायी जायच्या तुझ्या बेताचा नकाशा पाहिला. वाळपईहून निघायचं, तांबडी सुर्ल्याला देवळाजवळ टेकायचं, तिथून मोले गाठायचं, आणि हे सगळं तीन दिवसांत. चार घरं, सात मुलं, धाकटा सहा वर्षांचा. लाल पेनाची रेघ झकास आहे, पण ती तुझ्या चालीची आहे.

वाळपई ते तांबडी सुर्ला रस्त्याने बावीसेक किलोमीटर. तू दीड दिवस दिलायस, म्हणजे दिवसाला चौदा-पंधरा. लहान मुलं बरोबर असली की तासाला दीड किलोमीटर धर. वारूळ, बेडूक, शू, रुसवाफुगवा सगळं त्यातच आलं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो, झाडीत त्याआधीच काळोख होतो. चार वाजता पाठीवरचं ओझं खाली उतरलेलं हवं. सकाळची आवराआवर, जेवण, थांबे वजा केलेस की दिवसाला सात-आठ किलोमीटरच हाती लागतात. तेव्हा पाच दिवस घे, नाहीतर मोले सोड. मी असतो तर मोले सोडलं असतं.

अमेरिकेतल्या त्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर मुलाबाळांसकट चालणाऱ्यांचे व्हिडिओ तू मला पाठवलेस. साडेतीन हजार किलोमीटर, चौदा राज्यं, ऐकूनच छाती दडपते. पण तेही चार-पाच दिवसांचंच अन्न पाठीवर घेतात. मग वाटेवरच्या गावात उतरतात, अंघोळ करतात, पुन्हा पिशव्या भरतात. पल्ला कितीही मोठा असो, गाव कधी लागतं याचं गणित त्यांनी आधी केलेलं असतं.

तू तेच केलेलं नाहीस. मुक्काम आखण्याआधी बाहेर पडायच्या जागा आख. दर दोन तासांच्या चालीवर जीप पोचेल अशी एक जागा हवी. तिथून शेवटची कदंब बस कितीला सुटते, मोबाइलला रेंज कुठल्या वळणावर मिळते, गावात गाडी कोणाकडे आहे, हे स्वतः जाऊन विचारून ये. आणि ही यादी निघण्याआधीच चारही घरांना वाचून दाखव. बाहेर पडणं आधीपासून कागदावर असलं की पालकांना ती हार वाटत नाही.

हे मी चूक करून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी चोर्ल्याच्या बाजूला चार-पाच घरांना घेऊन गेलो होतो. दुपारी तीनला एक सात वर्षांची मुलगी मटकन खाली बसली. रडली नाही, बोलली नाही, नुसती बसली. वडील म्हणाले, ‘सर, नाटक आहे, तुम्ही चला.’ मीही हो म्हटलं, पुढचा मुक्काम गाठायचा होता ना! ती लंगडत तासभर चालली. मग मी तिचा बूट काढला. मोज्यात कुसळं, चार-पाच तरी, आणि घोट्याखाली रुपयाएवढा फोड फुटून मोजा त्याला चिकटलेला. सड्यावरच, म्हणजे त्या उघड्या कातळी पठारावरच, आम्हाला अंधार झाला. अकरा माणसं आणि दोन विजेऱ्या. रात्री सड्यावर वाट म्हणून काही दिसत नाही, सगळीकडे सारखाच जांभा. वाडी हाकेच्या अंतरावर होती, तिथे पोचायला आम्हाला दीड तास लागला. ती मुलगी आता तुझ्याएवढी असेल. तिच्यासमोर मी अजूनही जरा ओशाळतो.

म्हणून दर तासाला बूट काढायचे. सगळ्यांनी, मोठ्यांनीसुद्धा. मोजे उलटे करून झटकायचे. कातडी लालसर, हुळहुळी दिसली की तिथेच चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावलेली पट्टी म्हणजे वरातीमागून घोडं. झोपायचे मोजे वेगळे, ते दिवसा कोणी पायात घालायचे नाहीत.

ओझ्याचं सांगतो. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त त्याच्या पाठीवर नको. वीस किलोचं पोर, दोन किलो पिशवी, त्यात पिशवीचं स्वतःचं वजनही आलं आणि पाण्याची बाटलीही. लिटरभर पाण्यातच एक किलो जातो. उरलेल्यात त्याची शिट्टी, स्वेटर, खाऊ आणि एक निरुपयोगी वस्तू. ती वस्तू त्यालाच निवडू दे. एका पोराने फुटका कंपास आणला होता, पाचही दिवस त्याने तो कोणाला हात लावू दिला नाही. बाकीचं सगळं आईबापांच्या पाठीवर. वारीत सामानाला ट्रक असतो, इथे ट्रक म्हणजे आपणच.

खाण्यात नवे प्रयोग नकोत. घरी जे आवडीने खातात तेच न्या: पोहे, चणे-गूळ, नाचणीचं सत्त्व, कोकमाचं आगळ. उकडे तांदूळ नेऊ नकोस, शिजेपर्यंत निम्मी मुलं उपाशी झोपतात. कण्यांची पेज लवकर होते. सोबत सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर असली तर भांडं चाटूनपुसून साफ होतं (डबा घट्ट लाव, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास). ओहोळाचं पाणी कितीही निवळ दिसो, उकळूनच प्यायचं.

आता एक गोष्ट पालकांना घाबरवण्यासाठी नाही, पण सांगायलाच हवी. सत्तरी तालुक्यात माकडताप आहे, 2015 पासून रुग्ण सापडलेले आहेत. तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचा हंगाम डिसेंबरपासूनच्या कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमका तुझा. मुलांना पाचोळ्यात लोळू देऊ नका, पँट मोज्यात खोचा, कीटकरोधक मलम लावा. संध्याकाळी काखा, जांघा, कानामागे उजेडात बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच वळा आणि वनखात्याला कळवा. निघायच्या आधी वाळपईच्या आरोग्यकेंद्रात विचारा, तिथले लोक यंदा कुठे जाऊ नका ते सांगतील. परतल्यावर कोणाला ताप आला तर डॉक्टरला आपण जंगलात होतो हे आधी सांगायचं.

साप चावला तर कापणं, आवळून बांधणं, चोखणं यातलं काहीही नाही. अवयव हलू द्यायचा नाही, मुलाला उचलून न्यायचं, 108 ला फोन. रेंजच्या जागा शोध म्हटलं ते यासाठीसुद्धा.

अभयारण्यात शिरायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती महिनाभर आधी माग. मुक्काम वाडीच्या कडेला, परवानगीनेच. शेकोटी नाही. 2023 च्या मार्चात म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते, ते इकडच्या माणसांच्या डोळ्यांसमोरून गेलेले नाहीत. मुलं शेकोटीसाठी हट्ट करतील. त्यांना विजेरीच्या उजेडात पत्ते खेळायला बसव.

तालीम म्हणून मोरजीहून आश्वे, मांद्रे करत हरमलपर्यंत किनाऱ्याने चाला, भरलेल्या पिशव्यांसकट. वाळूत पोटऱ्या बोलायला लागतात आणि मध्ये ओहोळात बूट भिजतात. ओल्या बुटांनी अर्धा तास चालल्यावर कोणतं पोर काय बोलतं, ते लिहून ठेव. मोरजीला कासवांच्या अंड्यांभोवती वनखात्याचं कुंपण दिसलं तर लांबूनच दाखव. आणि त्या रात्री कोणाच्या तरी अंगणात तंबूत झोपवा. पहिल्यांदा तंबूतून ‘आई, घरी चल’ ऐकू यायचंच असेल तर ते शेजाऱ्याच्या अंगणात ऐकू येऊ दे.

रविवारी सकाळी साडेसहाला मी मोरजीला असेन. लटकता काटा मी आणतो, पिशव्या तिथेच तोलू.

तुझे,
सर

ता. क. मुलांना बूट नवे घेणार असलात तर या आठवड्यातच घ्या, संध्याकाळी, मोजे घालून. पुढे अंगठाभर जागा हवी. पुढच्या वर्षीही होतील म्हणून मोठे घेणाऱ्या बापाला माझ्याकडे पाठव.