कागद गिरणीसाठी कापड विणणारी कंपनी विमानाच्या इंजिनाची पाती कशी काय बनवते?

कारण दोन्हीकडे मूळ कसब एकच: विणकाम. ऑल्बनी इंटरनॅशनल ही 1895 सालची अमेरिकन कंपनी कागदाच्या मशीनवर फिरणारे पट्टे विणते. मी नागपूरचा, पण काही वर्षं बल्लारपूरकडे पेपर मिलमध्ये काढली. तिथे लगदा जाळीवर पडतो तेव्हा त्यात 99 टक्के पाणीच असतं. ती जाळी आता प्लास्टिकच्या धाग्याची, तरी सगळे तिला 'वायर'च म्हणतात. पुढे प्रेसमध्ये, म्हणजे दाबाच्या रोलरांमध्ये, फेल्ट नावाचं जाड कापड पाणी शोषून घेतं. फेल्टवर बोटभर डाग राहिला तरी कागदावर उमटतो आणि मग शिफ्टभर बोलणी खावी लागतात!

आता पातं. नेहमीच्या कंपोझिटमध्ये, म्हणजे धागे आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) मिळून बनणाऱ्या साहित्यात, कार्बनच्या कापडाचे थर एकावर एक चिकटवतात. पक्षी आदळला की थर सुटायची भीती. ऑल्बनी मागावर थरांच्या आरपार धागे घालून जाड कापड विणते, म्हणजे सुटायला वेगळा थरच उरत नाही. ते साच्यात ठेवायचं, दाबाने रेझिन सोडायचं, तापवून कडक करायचं. कडेला टायटॅनियमची पट्टी. साफ्रान या फ्रेंच इंजिन कंपनीसोबत बनवलेली अशी 18 पाती लीप नावाच्या जेट इंजिनाच्या पंख्यात असतात. बोइंगच्या 737 मॅक्स विमानाला हेच इंजिन लागतं, एअरबसच्या ए320निओला हे किंवा प्रॅट अँड व्हिटनीचं.

कंपोझिट आपल्याला परकं नाही बरं, बोइंगच्या ड्रीमलायनर विमानाचे फ्लोअर बीम (जमिनीखालच्या तुळया) नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातच बनलेत. फक्त तिथे हे त्रिमितीय विणकाम नव्हे.