बाबांच्या निकॉन एफएम२ च्या लेन्स अडॅप्टर लावून सोनी ए७ मार्क ३ वर वापरल्या तर फोटो खराब येतात का?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या एफएम२ या फिल्मच्या कॅमेऱ्यासोबतच्या ५० एमएम एफ १.८ आणि १०५ एमएम एफ २.५ अशा दोन लेन्स कपाटात आहेत, तुम्ही सेकंडहँड ए७ मार्क ३ हा डिजिटल कॅमेरा घेतलाय, आणि दुकानदार म्हणतो की अडॅप्टरने (लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या मधल्या नळीने) फोटोची वाट लागते, त्यापेक्षा नवी लेन्स घ्या. मी रत्नागिरीत राहते आणि मामाच्या बंद झालेल्या स्टुडिओतल्या निकॉनच्या लेन्स बरीच वर्षं सोनीवर वापरतेय. अडॅप्टर मापाला बरोबर असेल आणि लेन्सच्या आत बुरशी नसेल, तर फोटो खराब येत नाहीत.

दुकानदाराचं म्हणणं मात्र अगदीच हवेतलं नाही. ते लेन्समागे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या काळातलं आहे. प्रत्येक कंपनीच्या माउंटपासून (कॅमेऱ्यावर लेन्स जिथे अडकते ती कडी) फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं आणि लेन्स त्याच अंतरासाठी बनवलेली असते. कॅननच्या जुन्या एफडी माउंटचं हे अंतर ४२ मिमी होतं. १९८७ मध्ये ईएफ माउंट आला, त्याचं ४४ मिमी. म्हणजे एफडी लेन्स नव्या बॉडीवर आधीच २ मिमी लांब बसणार, अडॅप्टरला जागाच उरत नाही. लांबचं फोकस मिळावं म्हणून मग अडॅप्टरमध्ये एक भिंग घालावं लागायचं, आणि स्वस्त अडॅप्टरमधलं ते भिंग खरोखरच चित्र मऊ करायचं. ‘अडॅप्टर म्हणजे खराब फोटो’ ही समजूत बरीचशी तिथून आलीय.

तुमच्या बाबतीत गणित उलटं आहे. निकॉन एफ माउंटचं अंतर ४६.५ मिमी. सोनीत आरसा नाही, त्यामुळे त्याचं फक्त १८ मिमी. मधली २८.५ मिमी जागा भरायला एक पोकळ नळी पुरते. तिच्यात काच नाही, वायर नाही. लेन्समधून आलेला प्रकाश हवेतूनच सेन्सरवर पडतो, जसा एफएम२ मध्ये फिल्मवर पडायचा. शिवाय ए७ मार्क ३ चा सेन्सर फिल्मच्या फ्रेमएवढाच आहे, म्हणून १०५ ही १०५ सारखीच दिसेल, कडा कापल्या जाणार नाहीत.

आता ही नळी किती अचूक हवी, ते नीट समजून घ्या, कारण पैसे वाया जातात ते इथेच. समजा ती ०.१ मिमी जास्त लांब आहे, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीएवढी. तर ५० एमएम लेन्स जास्तीत जास्त २५ मीटरपर्यंतच फोकस होईल, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं असेल तर त्यापलीकडचं टोकदार येणार नाही. १०५ वर तीच चूक सुमारे ११० मीटरवर अडवते. २० एमएमसारखी वाइड लेन्स असेल तर फक्त ४ मीटरवर! (फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा एमएमचा आकडा, त्याचा वर्ग भागिले चूक, एवढाच हिशोब आहे.) हे टाळायला बहुतेक कंपन्या अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड ठेवतात. त्यामुळे फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवली की फोकस अनंताच्याही थोडं पुढे जातं. फोटोला त्याने काही होत नाही, फक्त लेन्सवर कोरलेल्या मीटरच्या आकड्यांवर विसंबू नका आणि डोंगराचा फोटो काढताना रिंग टोकापर्यंत फिरवून मोकळे होऊ नका. स्क्रीनवर बघूनच थांबा.

दुसरा दोष जास्त त्रासदायक असतो. काही नळ्यांची दोन तोंडं एकमेकांना समांतर नसतात. मी घेतलेला पहिला अडॅप्टर असाच होता. किल्ल्याच्या तटबंदीचा फोटो डावीकडे कातीव आणि उजवीकडे धुरकट. मी दोन महिने लेन्सला दोष देत होते. अडॅप्टर आला की त्याच दिवशी लांबच्या एखाद्या इमारतीचा फोटो एफ २.८ अ‍ॅपर्चरवर काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एक बाजू सतत धूसर असेल तर लगेच परत करा. लेन्स बसवल्यावर ती डुगडुगत असेल तरीही परत करा. आत डोकावून बघा: नळीचा आतला भाग चकचकीत असेल तर उन्हात फोटो पांढुरका पडतो. तेवढ्यासाठी अडॅप्टर बदलायची गरज नाही, आतून काळा मखमली कागद चिकटवला की काम होतं.

दोन-तीन हजारांतला चांगल्या पितळी माउंटचा अडॅप्टर तुम्हाला पुरेल. महागडा, इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला घेऊ नका. या दोन्ही लेन्समध्ये ना मोटर आहे ना चिप, तो बोलणार कोणाशी? पुढे कधी निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्स मिळाल्या, तर त्यांना अ‍ॅपर्चरची रिंग नसते, तेव्हा अ‍ॅपर्चर फिरवायची सोय असलेला अडॅप्टर लागतो. तुमच्या लेन्सना स्वतःची रिंग आहे, प्रश्नच नाही.

पहिल्यांदा लावाल तेव्हा बटण दाबूनही कदाचित फोटो निघणार नाही. घाबरू नका, कॅमेऱ्याला वाटतंय की लेन्सच नाही. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा. मग स्टेडीशॉटच्या (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या सोयीच्या) सेटिंगमध्ये मॅन्युअल निवडून फोकल लेंथ स्वतः भरा, ५० किंवा १०५. लेन्स बदलली की हा आकडाही बदलायचा, नाहीतर बॉडीतलं स्थिरीकरण चुकीच्या मापाने सेन्सर हलवतं आणि उलट फोटो हलतो. मी तो पर्याय ‘माय मेनू’त सगळ्यात वर ठेवलाय. मोड ए (अ‍ॅपर्चर तुम्ही, शटर कॅमेरा ठरवतो) किंवा एम (दोन्ही तुम्ही) ठेवा. ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवणं) वापरणार असाल तर किमान शटर स्पीडही स्वतः ठरवा, १०५ साठी १/२५० सेकंद ठेवा. फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चर नोंदलं जाणार नाही, ती नोंद मात्र गमवावीच लागते.

फोकस हाताने करायचंय, आणि यात सवयीला पर्याय नाही. पीकिंगचे (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचे) लाल-पिवळे ठिपके बघून समाधान मानू नका. १०५ वर एफ २.५ ला दीड मीटरवरच्या चेहऱ्यात जेमतेम तीन सेंटीमीटर भाग टोकदार असतो, पीकिंग मात्र कानापासून नाकापर्यंत सगळं रंगवून दाखवतं. फोकस मॅग्निफायर (स्क्रीनवरचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) एखाद्या बटणावर ठेवा, डोळा मोठा करून बघा, मग फोटो काढा. पहिले आठ दिवस निम्मे फोटो चुकतील. धावणाऱ्या मुलांसाठी, लग्नातल्या गडबडीसाठी ऑटोफोकसची लेन्सच हवी, तिथे दुकानदाराचं ऐका.

पण बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासाठी त्या १०५ ला तोड नाही. छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जो फोटो काढला, तो निकॉन एफएम२ आणि १०५ एमएम एफ २.५ वरच. तुमच्या कपाटात तीच जोडी आहे! आणि फिल्मवर बाबांना जे जमवायला डोळ्यात तेल घालावं लागायचं, ते तुम्हाला दहापट मोठं करून बघता येतंय.

मात्र अडॅप्टर मागवण्याआधी आज संध्याकाळी एक काम करा. अंधाऱ्या खोलीत लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला दोन-चार धागे असतील तर फोटोत काही दिसत नाही. मधोमध पसरली असेल तर कारागिराकडून साफ करून घ्या, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का तेही बघा. एफएम२ वर ती पाती झटक्यात मिटावी लागायची. सोनीवर ती तुम्ही हाताने मिटवता, त्यामुळे थोडं तेल चालून जातं. लेन्स चामड्याच्या पाउचमध्ये असतील तर आजच बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. आमच्याकडे पावसाळ्यात मी त्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवते. सोबत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये असला की ठीक. जेल ओलं झालं की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं.

एक राहिलं. निकॉनची लेन्स सोनीच्या उलट दिशेने फिरवून बसते. अडॅप्टरवर ती अडली तर जोर लावू नका, दुसऱ्या बाजूला फिरवा. बाबांच्या हाताला ती दिशा आपोआप आठवेल, पहिल्यांदा त्यांनाच लावू द्या.