जेल पण आणि प्रोबेशन पण? न्यू जर्सीत असं खरंच होतं

ताई, तुम्ही लिहिलंय की मावसभावाला न्यू जर्सीत थर्ड डिग्री (ही गुन्ह्याच्या गंभीरतेची पातळी) चोरीच्या केसमध्ये जजने १८० दिवस काउंटी जेल (स्थानिक, जिल्ह्यासारखा तुरुंग) दिली आणि वर ३ वर्षं प्रोबेशन (अटी पाळून देखरेखीखाली बाहेर राहणं), मग एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा झाली का? तर नाही, ही दोन्ही मिळून एकच शिक्षा आहे.

आपला गोंधळ होतो कारण भारतात १९५८ च्या कायद्याखाली प्रोबेशन म्हणजे शिक्षा न सुनावता बॉंडवर सोडणं, एक तर जेल नाहीतर प्रोबेशन, असंच आपण ऐकलेलं असतं. न्यू जर्सीत (तिथे मोठ्या गुन्ह्याला फेलनी म्हणत नाहीत, नुसतं क्राइम म्हणतात) जज प्रोबेशन देऊन त्याचीच एक अट म्हणून जास्तीत जास्त ३६४ दिवस जेल देऊ शकतो. थर्ड डिग्रीला एरवी ३ ते ५ वर्षं स्टेट प्रिझन (राज्याचा मोठा तुरुंग) असते, पहिलाच गुन्हा असेल तर शक्यतो प्रिझनला पाठवू नये असं कायदाच सांगतो, पण म्हणून काउंटी जेल टळते असं नाही, ते जजच्या हातात राहतं. फेडरल (केंद्राच्या) कोर्टात मात्र एकाच गुन्ह्यात जेल आणि प्रोबेशन असं एकत्र देत नाहीत, तिथे जेलनंतर सुपरवाइज्ड रिलीज, म्हणजे सुटल्यावरची देखरेख, लावतात.

आता खरी काळजीची गोष्ट. घरचे सगळे ते १८० दिवस मोजत बसतात, पण जास्त धोका पुढच्या ३ वर्षांत आहे. प्रोबेशन मोडलं, म्हणजे हजेरी चुकली, ड्रग टेस्ट फेल झाली, तर जज ते रद्द करून पहिल्या दिवशी देता आली असती ती पूर्ण शिक्षा देऊ शकतो. भोगलेले १८० दिवस त्यातून वजा होतात एवढंच.

आणि भाऊ ग्रीन कार्डवर किंवा एच-१बी वर असेल तर हे अजून गंभीर आहे. चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा १ वर्ष किंवा जास्त झाली तर इमिग्रेशनवाले तो अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी (डिपोर्ट, म्हणजे देशाबाहेर काढता येईल असा गंभीर गुन्हा) धरू शकतात, सस्पेंडेड (सुनावलेली पण स्थगित ठेवलेली) शिक्षा पण मोजतात, म्हणून वकील ३६४ दिवसांच्या आत राहायला एवढे झगडतात. आज १८० दिवस आहेत म्हणून वाचलो असं वाटतं आणि प्रोबेशन मोडल्यावर ३ वर्षं झाली की ती ३ वर्षंच मोजली जातात. फसवणुकीच्या केसमध्ये तर नुकसान १० हजार डॉलरच्या वर असेल तर दिवस कितीही असोत, उपयोग नाही.

माझ्या ओळखीचा एक मुलगा असाच प्रोबेशनवर होता, ग्रीन कार्डवाला. सांगलीला त्याचे वडील वारले. प्रोबेशन ऑफिसरने प्रवासाची परवानगी एका दिवसात दिली, बॅग भरून झाली, आणि इमिग्रेशनच्या वकिलाने संध्याकाळी फोन करून सांगितलं की जाऊ नकोस, परत येताना एअरपोर्टवर अडकशील. वडिलांना अग्नी देताना त्याने इथून मोबाइलवर बघितलं, मी शेजारी बसलो होतो. प्रोबेशनची परवानगी आणि इमिग्रेशनची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला आधी कोणीच नीट सांगितलं नव्हतं. २०१० पासून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे की गुन्हा कबूल करण्याआधी क्रिमिनल वकिलाने डिपोर्टेशनचा धोका सांगायलाच हवा, तुमच्या भावाला सांगितला होता का ते आधी विचारा.

निकालाच्या कागदाची कॉपी मागवून घ्या, त्यावर किती दिवस आणि कुठल्या अटी हे सगळं लिहिलेलं असतं, आणि तो कागद घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाकडे याच आठवड्यात जा, भाऊ जेलमधून सुटायची वाट बघू नका.