मंगळावरची घळ, ओघळ आणि कालवा

प्रश्न असा आहे: मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी टिपलेल्या छायाचित्रांखाली मराठी ओळी लिहिताना, विवरांच्या उतारांवर दिसणाऱ्या अरुंद, खोल खाचांना काय म्हणावे? प्रश्नकर्त्यांनी नमुन्यादाखल स्वतःचे वाक्यही दिले आहे: ‘विवराच्या उतारावर पाण्याचे ओघळ दिसत आहेत आणि पायथ्याशी गाळ साचला आहे.’ इंग्रजीतला ‘गली’ हा शब्द देवनागरीत लिहिला की वाचणारा थेट गल्लीत शिरतो, म्हणून मराठी शब्द हवा, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. ओघळ, घळ, नाला आणि ओहोळ असे चार पर्याय त्यांनी सुचवले आहेत.

माझे मत आधी सांगतो. ‘घळ’ घ्यावा, आणि ‘ओघळ’ निदान या ठिकाणी टाळावा. कारण ‘ओघळ’ या शब्दात ओघ आहे. गालावरून अश्रू ओघळतात, भिंतीवरून पावसाचे पाणी ओघळते, आणि मागे उरलेल्या खुणेलाही आपण ओघळच म्हणतो. वाहणारा द्रव आणि त्याने सोडलेली वाट, दोन्ही या एका शब्दात येतात. त्यामुळे ‘ओघळ दिसत आहेत’ असे लिहिताक्षणी, ‘पाण्याचे’ हा शब्द गाळला तरी, तिथे काहीतरी वाहिले असा निकाल आपण देऊन टाकतो. छायाचित्रात मात्र फक्त आकार दिसतो. ‘नाला’ आणि ‘ओहोळ’ यांची अडचण तीच, किंबहुना जास्तच.

हा कीस काढण्याचे कारण जुने आहे. 1877 मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असताना मिलान येथील ब्रेरा वेधशाळेतून ज्योव्हान्नी स्क्यापारेल्ली यांनी त्याचा नकाशा काढला आणि त्यावरच्या रेषांना इटालियन भाषेत ‘कानाली’ म्हटले. इटालियनमध्ये हा शब्द निसर्गाने घडवलेल्या वाटेलाही चालतो आणि माणसाने खणलेल्या वाटेलाही. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द होते आणि त्यांपैकी रूढ झाला तो खणलेल्या कालव्याचा. सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला होता, त्यामुळे तो शब्द तेव्हा सर्वांच्या तोंडी होता. पुढे अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ येथे पर्सिव्हल लॉवेल यांनी 1894 मध्ये वेधशाळा उभारून मरू घातलेल्या ग्रहावरच्या, ध्रुवांकडचे पाणी विषुववृत्ताकडे नेणाऱ्या कालव्यांचे अख्खे चित्र रंगवले. सगळा दोष भाषांतराच्या माथी मारण्यात अर्थ नाही, कारण लॉवेल यांना जे पाहायचे होते ते त्यांनी कोणत्याही शब्दाने पाहिलेच असते. तरी शब्दाने वाट सोपी करून दिली, हे नाकारता येत नाही.

मराठीत तर निवड आणखी अवघड झाली असती. पाण्याच्या वाटांसाठी आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे, पण त्यांतले बहुतेक शब्द ती वाट कोणी केली हे आधीच सांगून टाकतात. कालवा, पाट, चारी, दंड हे माणसाने काढलेले. ओढा, नाला, ओहोळ आणि कोकणातला व्हाळ हे पाण्याने स्वतः काढलेले. ‘कानाली’सारखा दोन्हीकडे चालणारा शब्द शोधायला गेलो तर हाती ‘पन्हळ’ लागतो, आणि तोही छपराच्या कडेला जाऊन बसलेला. म्हणून आपण इंग्रजीच्या मागोमाग ‘मंगळावरचे कालवे’ म्हणत आलो. (निदान ‘मंगळावरची कालवे’ असे कोणी लिहू नये. लिंग बदलले की कालवे म्हणजे खडकाला चिकटलेले खाण्याचे शिंपले, आणि कोकणातला वाचक कोयती आणि टोपली घेऊन खडकावर जाईल.) हा शब्दप्रयोग आता फक्त त्या फसलेल्या कल्पनेचे नाव म्हणून ठेवावा. 1965 च्या जुलैमध्ये मरिनर-4 हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने पाठवलेल्या वीस-बावीस चित्रांत विवरे दिसली, कालवा एकही दिसला नाही.

गंमत अशी की पाण्याच्या खऱ्या वाटा त्यानंतर सापडल्या. मरिनर-9 नोव्हेंबर 1971 मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले तेव्हा सारा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. धूळ बसल्यावर ज्वालामुखी, सुमारे 4,000 किलोमीटर लांबीचा दऱ्यांचा पट्टा आणि कोरड्या नदीपात्रांसारख्या नागमोडी खोलगट वाटा दिसल्या. त्यांचा लॉवेल यांच्या रेषांशी काही संबंध नव्हता.

तुम्ही ज्यांच्याविषयी विचारले त्या खाचा याहून बऱ्याच लहान आहेत. 2000 मध्ये मायकेल मॅलिन आणि केनेथ एजेट यांनी मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाच्या छायाचित्रांवरून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्या तुलनेने अलीकडे जमिनीतून पाझरलेल्या पाण्याने कोरल्या असाव्यात असे सुचवले. तेव्हा कोणी मराठीत ‘ओघळ’ लिहिले असते तर ते शोभलेही असते. पुढे मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावरचा, एका ठिपक्यात सुमारे 30 सेंटिमीटर जमीन टिपणारा कॅमेरा त्याच जागा वर्षानुवर्षे पुन्हा पाहत राहिला. तेव्हा असे दिसले की खाचांमध्ये आज होणारे बदल मुख्यतः कार्बन डायऑक्साइड गोठून उतारावर साचतो त्या थंड ऋतूत होतात. म्हणजे आजची हालचाल घडवून आणायला पाण्याची गरज नाही. जुन्या काळी, मंगळाचा आस अधिक कललेला असताना, वितळलेल्या बर्फाचा हात होता का, हा वाद चालू आहे. वाद कसाही मिटला तरी ‘घळ’ हा शब्द बदलावा लागणार नाही.

‘घळ’वर एक आक्षेप येईल आणि तो मी आधीच मांडतो. महाडजवळची शिवथरघळ किंवा समर्थांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रामघळी या गुहेसारख्या जागा आहेत. तेव्हा घळ म्हणजे कपार, की डोंगराच्या अंगातली उभी चीर? मराठीत दोन्ही अर्थ आहेत, आणि शालेय भूगोलातल्या ‘घळई’ने चिरेचा अर्थ पक्का केला आहे. ‘उतारावरील घळी’ असे लिहिले की गुहा कोणाच्या मनात येणार नाही. सह्याद्रीत भटकणारे लोक कड्यातून कोकणात उतरणाऱ्या अशा तीव्र, दगडधोंड्यांनी भरलेल्या वाटेला ‘नाळ’ किंवा ‘नळी’ म्हणतात. रायगडाच्या परिसरातली बोराट्याची नाळ किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्याने उतरली आहे, त्याला मंगळावरचे ते छायाचित्र पाहून गुडघे आठवतील. मनातून मला हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो. पण डोंगरांपासून दूरच्या वाचकाला ‘नाळ’ म्हणजे बाळाची नाळ, म्हणून नाइलाजाने तो बाजूला ठेवतो.

याच उतारांवर आणखी एक प्रकार दिसतो, आणि तिथे शब्दाची परीक्षा फार कमी काळात झाली. उन्हाळ्यात गडद होत लांबणाऱ्या आणि थंडीत फिकट होणाऱ्या, काही मीटर रुंदीच्या पट्ट्या 2011 मध्ये लक्षात आल्या. शास्त्रज्ञांनी त्यांना नाव देताना लॅटिनमधला ‘रेषा’ एवढ्याच अर्थाचा शब्द घेतला. 2015 मध्ये त्या जागी पाणी धरून ठेवणारे क्षार असल्याचे जाहीर झाले आणि जगभर ‘मंगळावर वाहते पाणी’ असे मथळे झळकले. 2017 मध्ये दाखवून दिले गेले की या पट्ट्या कोरडी वाळू घसरू शकते तेवढ्या तीव्र उतारांवरच आढळतात. नाव ‘रेषा’ असल्यामुळे ते दोन्ही वेळा टिकले. आपणही त्यांना ‘उतारावरील हंगामी रेघा’ म्हणावे. (क्षारांबद्दल लिहिताना ‘लवण’ हा शब्द मात्र जपून वापरावा. खेड्यात लवण म्हणजे सखल जागा, आणि ‘उताराखालच्या लवणात’ असे लिहिले तर मीठ की खोलगट भाग हे वाचकाला कळणार नाही.)

आकारावरून नाव ठेवण्याची ही रीत ग्रहांच्या अधिकृत नामकरणात सर्वत्र पाळली जाते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठरवलेली लॅटिन पदे दरी, चर, मेज, कणा, मैदान, चक्रव्यूह असे आकार सांगतात, त्यांची कारणे सांगत नाहीत. सपाट माथ्याच्या तुटक डोंगराला तिथे ‘मेन्सा’ म्हणजे मेज म्हणतात, आणि पाचगणीच्या पठाराला टेबललँड म्हणणाऱ्यांनीही नेमके तेच केले. आपल्याकडचे सर्वांत सुरेख उदाहरण निघोजचे आहे. कुकडीच्या पात्रातल्या त्या खोल गोल खड्ड्यांना लोकांनी ‘रांजणखळगे’ म्हटले. ते पाण्याच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी झाले हे ठाऊक नसले तरी शब्द अडत नाही.

दऱ्यांच्या विशेष नावांत मराठी माणसाची एक फसगत होऊ शकते. मंगळावरच्या मोठ्या दऱ्यांना निरनिराळ्या भाषांतली मंगळाचीच नावे दिलेली आहेत: जपानीवरून कासेई, हिब्रूवरून मादिम, ग्रीकवरून आरेस. त्यांत संस्कृतवरून घेतलेले ‘मंगल व्हॅलीस’ हेही आहे. याचे भाषांतर ‘मंगळदऱ्या’ असे केले तर वाचक ते मंगळावरच्या सगळ्याच दऱ्यांविषयी आहे असे समजेल. इथे विशेषनाम जसेच्या तसे, ‘ल’ कायम ठेवून लिहावे.

‘विवर’ हा शब्द तुम्ही बरोबर वापरला आहे. काही जण ‘ज्वालामुखीचे तोंड’ अशा अर्थाने तो नाकारतात, पण विवर म्हणजे नुसते छिद्र किंवा पोकळी. लोणारचेच पाहा. बेसॉल्टमधला तो सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा दीर्घकाळ ज्वालामुखीचा समजला जात होता. 1970 च्या दशकात आघाताने बदललेली खनिजे तिथे सापडल्यावर अशनीचा आघात सिद्ध झाला, आणि तरी ‘लोणारचे विवर’ हे नाव तसेच राहिले. मंगळाच्या उत्तरेकडील मैदानातही या गावाच्या नावाचे एक विवर आहे. कारण सांगायचेच असेल तर ‘आघातविवर’ म्हणावे. ‘उल्काविवर’ तितकेसे बरे नाही, कारण उल्का म्हणजे आकाशात दिसणारी प्रकाशरेषा, जमिनीवर आदळतो तो अशनी.

‘भूरूप’ मंगळाला कसे चालेल, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. चालेल. भू म्हणजे पृथ्वी तशी भूमीही, आणि भूमी मंगळाला आहेच.

आता तुमच्या वाक्यातला ‘गाळ’. तोही पाणी गृहीत धरतो. घळींच्या तळाशी जे पसरलेले दिसते त्याला ‘दगडमातीचा पंखा’ म्हणता येईल. शिवाय उजेड कोणत्या बाजूने येतो हे ओळीत सांगून टाकावे, कारण आपला डोळा उजेड वरून येतो असे धरून चालतो आणि तसे नसले की विवर टेकडीसारखे फुगलेले दिसते. छायाचित्र हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे, सावलीवाचून आकार कळत नाही. वर उल्लेखलेले ऑर्बिटर दिवसा एखाद्या जागेवरून जाते ते तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास. म्हणून उत्तर वर ठेवलेल्या त्याच्या चित्रांत ऊन साधारणपणे डावीकडून येते. तेव्हा तुमची ओळ अशी लिहिता येईल: ‘विवराच्या आतल्या उतारावर घळी दिसत असून त्यांच्या पायथ्याशी दगडमातीचे पंखे पसरले आहेत; ऊन डावीकडून येत आहे.’