अमिगा ५०० वर एक्सव्ही६ उतरवावे का?

एक्सव्ही६ वरचे सगळे सराव तुमचे पूर्ण झाले आहेत आणि मामांनी पूर्वी इंग्लंडहून आणलेला अमिगा ५०० हा जुना घरगुती संगणक घरी अजून चालू स्थितीत आहे. शिकवण्यासाठी लिहिलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम त्या यंत्रावर पोर्ट करण्यात, म्हणजे त्याला जुळेल अशी बदलून घेण्यात, वर्षभराच्या संध्याकाळी घालवाव्यात, की सरळ रास्पबेरी पाय हा छोटा आधुनिक संगणक विकत घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते अमिगावरच करावे. मात्र शेवटी तुमच्या हाती येईल ती प्रणाली एक्सव्ही६ राहिलेली नसेल, ती त्याच्या पूर्वजाकडे, म्हणजे जुन्या युनिक्सकडे, बरीच मागे सरकलेली असेल, आणि हे पहिल्याच दिवशी मनाशी पक्के केले नाही तर दोन-तीन महिन्यांत काम अर्धवट सोडून द्यावेसे वाटेल. मी या वाटेने एकदा गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एक्सव्ही६ एमआयटीत २००६ साली अभ्यासक्रमासाठी लिहिले गेले. युनिक्सच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीची रचना त्यात आजच्या सी भाषेत नव्याने मांडलेली आहे. सुरुवातीला ते ३२ बिटांच्या एक्स८६ साठी होते, २०१९ पासून रिस्क-व्ही साठी आहे, आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या अभ्यासक्रमातही ते वापरले गेले आहे. फोर्क (प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, नक्कल करणे), एक्झेक (तिच्या जागी नवा प्रोग्राम चढवणे), पाइप (एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याला देणारी नळी), आयनोड (डिस्कवरची फाइलची नोंद) या गोष्टी थेट सहाव्या आवृत्तीतून आल्या, पण मेमरीचा सगळा कारभार एक्सव्ही६ने पेज टेबलवर, म्हणजे पत्त्यांच्या तक्त्यांवर, उभा केला. प्रत्येक प्रोसेसला आपली मेमरी शून्य पत्त्यापासून सुरू होते असे वाटते आणि ४०९६ बाइटच्या पानांनुसार खरा पत्ता शोधून देण्याचे काम हार्डवेअर करते. अमिगा ५०० मधल्या मोटोरोला ६८००० कडे हे काम करणारा भागच नाही. त्याच्याकडे सुपरवायझर आणि युजर अशा दोन पातळ्या आहेत, ट्रॅपच्या सूचना आहेत, त्यामुळे सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, करायची मागणी) अगदी सरळपणे लिहिता येतात, परंतु प्रोग्रामने जो पत्ता उच्चारला तोच मेमरीतला खरा पत्ता असतो. त्याच खोबणीत बसणारा ६८०१० लावला तरी यात फरक पडत नाही, तेव्हा त्या नादी लागू नये.

याचा पहिला परिणाम संरक्षणावर होतो. अमिगाच्या मेमरीचा अगदी सुरुवातीचा एक केबी म्हणजे प्रोसेसरचा व्हेक्टर टेबल, म्हणजे इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) आल्यावर किंवा चूक झाल्यावर कुठे उडी मारायची याचे पत्ते. एखाद्या साध्या प्रोग्रामने शून्य पॉइंटरवर, म्हणजे शून्य या पत्त्यावर, लिहिले की तो टेबलच बिघडतो आणि मग कर्नेल कितीही शुद्ध असला तरी वाचत नाही. चुकीचे पॉइंटर देऊन कर्नेलची परीक्षा घेणाऱ्या चाचण्या इथे निरर्थक होतात. कॉपी-ऑन-राइट फोर्क (लिहिण्याची वेळ येईपर्यंत नक्कल टाळणे) आणि एममॅप (फाइल मेमरीच्या पत्त्यांवर दाखवणे) यांचे जे सराव तुम्ही केलेत, तेही या यंत्रावर करता येणार नाहीत.

खरा पेच मात्र फोर्कचा आहे, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. एक्सव्ही६चे सगळे प्रोग्राम एकाच ठरलेल्या पत्त्यासाठी लिंक केलेले असतात. अमिगावर प्रत्येक प्रोसेस वेगळ्या जागी बसणार, म्हणून एक्झेकमध्ये पत्ते दुरुस्त करून घ्यावे लागतात, किंवा प्रोसेसरमधल्या ए५ रजिस्टरला पाया मानून सगळा डेटा त्याच्या सापेक्ष वाचावा लागतो. मी दुसरा मार्ग घेतला. फोर्कच्या वेळी आईची (मूळ प्रोसेसची) मेमरी दुसऱ्या जागी उतरवायची, मुलाचे (नकलेचे) ए५ आणि स्टॅक पॉइंटर तेवढ्याच अंतराने सरकवायचे, आणि झाले, असे मला वाटले होते. शेलमध्ये, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, साधी आज्ञा दिली, चालली. दोन आज्ञा पाइपने जोडल्या, त्याही चालल्या. आज्ञेच्या शेवटी ॲम्परसँड (&) लावून ती मागे सोडली, म्हणजे शेलने तिच्यासाठी थांबू नये असे केले, की कधी चालायची, कधी कचरा छापून यंत्र गोठायचे. मी इंटरप्टचा कोड तीन आठवडे तपासत बसलो, आणि चूक तिथे नव्हतीच.

काय होत होते ते पाहा. एक्सव्ही६चा शेल आधी फोर्क करतो आणि मग मुलामध्ये आज्ञा वाचून तिचे झाड बांधतो. साध्या आज्ञेत हे झाड मुलाच्याच मेमरीत असते, म्हणून अडत नाही. पाइप असला की मूल आणखी दोन फोर्क करते. नातवंडांकडच्या झाडाच्या पॉइंटरमध्ये मुलाच्या मेमरीतलेच पत्ते असतात, कारण नक्कल करताना मजकूर उतरतो, त्यातल्या पत्त्यांचा अर्थ बदलत नाही. पण मूल नातवंडांसाठी थांबून राहते, त्याची मेमरी जिवंत असते, म्हणून वाचन निभावून जाते. ॲम्परसँडच्या वेळी मात्र मूल नातवंडाला जन्म देऊन लगेच संपते, त्याची जागा मोकळी होऊन शेलच्या पुढच्या मुलाला मिळते, आणि नातवंड ज्या झाडावरून आपली आज्ञा वाचायला जाते तिथे एव्हाना दुसऱ्याचाच मजकूर आलेला असतो. रजिस्टरे सरकवता येतात, पण ढिगात (हीप, म्हणजे प्रोग्रामने मागून घेतलेली मेमरी) विखुरलेला कोणता शब्द पॉइंटर आहे आणि कोणता साधा आकडा, हे कर्नेलला कळण्याचा मार्ग नाही. पेज टेबल नेमके काय काम करतो हे मला त्या दिवशी जितके समजले, तितके आधीच्या कोणत्याही सरावात समजले नव्हते, आणि अमिगाचा आग्रह मी धरतो तो याच कारणाने.

यावरचा उपाय जुना आहे. अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या १९८७ सालच्या मिनिक्स या शिकवण्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची अटारी एसटी या घरगुती संगणकासाठी जी आवृत्ती निघाली, ती याच ६८००० वर चालत असे. तिथे फोर्कनंतर आई आणि मूल या दोघांचा पत्ता एकच राहतो. ज्याची पाळी आहे त्याची मेमरी त्या पत्त्यावर असते, दुसऱ्याची प्रत बाजूला सावलीसारखी ठेवलेली असते, आणि पाळी बदलली की दोन्ही मजकुरांची अदलाबदल होते. त्याही आधी बेल लॅब्जमध्ये सहाव्या आवृत्तीवरून मिनी-युनिक्स आणि एलएसएक्स ही रूपे तयार झाली होती, ती मेमरी व्यवस्थापनाचे हार्डवेअर नसलेल्या छोट्या पीडीपी-११ यंत्रांसाठी. त्यात चालू प्रोसेस मेमरीत आणि बाकीच्या डिस्कवर असत. पूर्वजाकडे मागे सरकण्याबद्दल मी वर म्हटले ते हेच.

अदलाबदलीची किंमत काढून पाहा. ४० केबीची प्रोसेस धरली तर दोन्ही प्रती वाचून दोन्ही लिहायच्या, म्हणजे १६० केबीची ने-आण. १६ बिटांच्या बसवर एका शब्दाला (दोन बाइटांना) घड्याळाचे चार ठोके लागतात आणि पाल (युरोपीय टीव्ही पद्धतीच्या) अमिगाचा वेग ७.०९ मेगाहर्ट्‌झ आहे, त्यामुळे कमीत कमी ४६ मिलिसेकंद जातात. पडद्याच्या ५० हर्ट्‌झच्या इंटरप्टला घड्याळ मानले तर एक टिक २० मिलिसेकंदांची, म्हणजे दर टिकेला पाळी बदलायची ठरवली तर यंत्र अदलाबदलीखेरीज काहीच करणार नाही. म्हणून फोर्कनंतर मुलाला आधी चालू द्यावे आणि ते एक्झेक करून स्वतःच्या जागी जाईपर्यंत आईला शक्यतो थांबवावे. आईला सक्तीने थांबवू मात्र नका. पाइपांच्या साखळीने मूळ संख्या गाळण्याचा सराव तुम्हाला आठवत असेल. त्यात मूल एक्झेक न करता आईने पाइपमध्ये टाकलेल्या आकड्यांची वाट पाहते, आणि आई थांबलेली असेल तर दोघेही कायमचे अडकतात. मूल अडले की पाळी बदलायची, एरवी नाही, हा नियम पुरतो.

मेमरीची काटकसर त्यामानाने सोपी आहे. रिस्क-व्ही आवृत्ती सुरू होतानाच ६४ प्रोसेससाठी प्रत्येकी ४ केबीचा कर्नेल स्टॅक राखते, म्हणजे २५६ केबी, आणि अमिगा ५०० मध्ये मुळात मेमरीच ५१२ केबी. प्रोसेसची मर्यादा आठ-दहावर आणावी. प्रोग्रामसाठी मेमरी मागणारे मॅलॉक हे फंक्शन ३२ बिटांच्या यंत्रावर एका वेळी किमान ३२ केबी मागते, तो आकडाही कमी करावा, नाहीतर शेलचे प्रत्येक मूल उगाच फुगते आणि अदलाबदल महाग होते.

आधार म्हणून जुनी एक्स८६ आवृत्ती घ्या. तिची देखभाल आता होत नाही, पण तिचे पॉइंटर ३२ बिटांचे आहेत आणि त्यामुळे निम्मी डोकेदुखी वाचते. ६८००० मध्ये शब्दाचा मोठा बाइट आधी येतो, एक्स८६ मध्ये लहान. म्हणून ईएलएफ या प्रकारच्या प्रोग्राम-फाइलच्या पहिल्या चार बाइटांची ओळख पटवणारा स्थिरांक उलटावा लागतो, आणि फाइल सिस्टिमची प्रतिमा बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये बाइटांचा क्रम ठरवणारी जी दोन छोटी फंक्शने आहेत तीही बदलावी लागतात. हे विसरले तर मूळ डिरेक्टरीच सापडत नाही. लॉकसाठी, म्हणजे एका वेळी एकालाच डेटा बदलू देण्यासाठी, ६८००० च्या टेस्ट-अँड-सेट सूचनेचा मोह होईल, तो टाळावा, कारण अमिगाच्या खास चिपा त्या सूचनेचे वाचन-लेखन अखंड राहील याची हमी देत नाहीत. एकच प्रोसेसर आहे, तेव्हा इंटरप्ट बंद करणे एवढेच लॉक पुरेसे आहे.

फ्लॉपीवर एक्सव्ही६चे लॉग, म्हणजे बदल आधी वेगळ्या जागी लिहून मग मूळ जागी नेण्याची पद्धत, हे वेगळे दुखणे आहे. अमिगा फ्लॉपीवर एकेक सेक्टर लिहीत नाही, ११ सेक्टरांचा सबंध ट्रॅक एकदम लिहितो, आणि मिनिटाला ३०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर एका फेरीला ०.२ सेकंद जातात. तीन ब्लॉक बदलणारा एक व्यवहार म्हणजे लॉगमध्ये तीन लेखने, शीर्षकाचे एक, मूळ जागी तीन आणि शीर्षक पुसण्याचे एक, अशी आठ. म्हणजे एक लहानशी फाइल तयार करायला दीड सेकंदाहून जास्त वेळ. ट्रॅक मेमरीत साठवून ठेवला तर हे सुधारते, पण लेखनाचा क्रम जपला नाही तर लॉगचा उद्देशच नाहीसा होतो. म्हणून सुरुवातीला फ्लॉपीच्या वाटेला जाऊच नये. एक्स८६ आवृत्तीत डिस्कऐवजी मेमरीतली प्रतिमा वापरण्याची सोय आधीपासून आहे, ५१२ बाइटचे १००० ब्लॉक एवढी तिची फाइल सिस्टिम. ५०० केबीची ही प्रतिमा ८८० केबीच्या फ्लॉपीवर कर्नेलसह मावते, पण मेमरीत ठेवताना ब्लॉक निम्म्याने कमी करा. बूटब्लॉकमध्ये (फ्लॉपीवरच्या सुरुवातीच्या कोडमध्ये) असताना किकस्टार्टचा, म्हणजे अमिगाच्या रॉममधल्या सिस्टिमचा, स्वतःचा फ्लॉपी ड्रायव्हर तुमच्या हाताशी असतो. त्याच्याकडूनच सगळे वाचून घ्यावे आणि मग किकस्टार्टचा निरोप घ्यावा.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) त्याच घराण्यातल्या ६८०४० चे एक आभासी यंत्र आहे, त्याला पेज टेबल आहेत आणि डीबगर जोडता येतो. तिथे आधी एक्सव्ही६ जसेच्या तसे चालवावे, म्हणजे प्रोसेसर बदलल्यामुळे झालेल्या चुका आणि पेज टेबल नसल्यामुळे झालेल्या चुका एकमेकींत मिसळत नाहीत. मी हे केले नव्हते, आणि माझे ते तीन आठवडे त्यामुळेच गेले. नंतर अमिगाच्या एम्युलेटरवर फक्त सिरियल पोर्टवर एक अक्षर छापावे, ९६०० बॉडसाठी (सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगासाठी) विभाजक ३६८. कीबोर्ड शेवटी. त्यात प्रत्येक कळ आल्यावर डेटाची तार किमान ८५ मायक्रोसेकंद खाली ओढून पोच द्यावी लागते. एम्युलेटरवर ती कमी पडली तरी चालून जाऊ शकते, खऱ्या यंत्रावर कीबोर्ड गप्प होतो.

रास्पबेरी पायबद्दल थोडक्यात. पेज टेबल हवेच असतील तर तो योग्य आहे, पण तिथे कीबोर्ड यूएसबीवर असतो आणि यूएसबीचा ड्रायव्हर लिहिणे हे एक्सव्ही६च्या सबंध कर्नेलपेक्षा किचकट काम आहे. त्यामुळे बहुतेक जण सिरियल तारेवरच थांबतात आणि घरचा संगणक म्हणावा असे काही तयार होत नाही. अमिगाचे प्रत्येक रजिस्टर एका पुस्तिकेत मावते आणि एका माणसाच्या डोक्यातही मावते.

आता एक विनंती. तुमच्या यंत्राच्या पोटाखालच्या झाकणात ए५०१ हे ५१२ केबीचे मेमरी कार्ड असेल तर फार उत्तम, कारण एक एमबीशिवाय वरची प्रतिमा मेमरीत बसणार नाही. पण त्या कार्डावर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असते, ती इतक्या वर्षांत गळते आणि आतले क्षार तांब्याच्या रेषा खातात. यंत्र पुन्हा सुरू करण्याआधी कार्ड बाहेर काढून बॅटरीची जागा नीट पाहा. हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर बॅटरी कापून काढा, जागा सौम्य व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कार्ड परत बसवू नका.